रशिया शर्यतीत होतीच

'रशियाला चंद्रावर माणूस पाठवायचाच नव्हता, अमेरिका एकटीच धावत होती' असं म्हटलं जातं, ते मला पटत नाही. अपोलो ११ ने अमेरिकेची माणसं चंद्रावर उतरवल्यानंतर मॉस्कोने तसाच आव आणला होता खरा, पण ऑगस्ट १९६४ मध्येच तिथे चांद्रमोहिमेला मंजुरी मिळाली होती. चंद्रावर माणूस पाठवू, या अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या घोषणेनंतर तब्बल तीन वर्षांनी! घोडं तिथेच अडलं.

त्यात रशियाचा मुख्य रॉकेट-रचनाकार कोरोल्योव्ह आणि रॉकेट-इंजिनांचा रचनाकार ग्लुश्को यांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. इंधन कोणतं वापरायचं यावर वाद पेटला. कोरोल्योव्हला केरोसीन आणि द्रवरूप ऑक्सिजन हवा होता, ग्लुश्कोला विषारी पण साठवायला सोपी इंधनं. शेवटी मोठं इंजिन मिळेना, म्हणून कुझनेत्सोव्ह या दुसऱ्या इंजिन-रचनाकाराकडून लहान इंजिनं घेऊन एन-१ या चांद्ररॉकेटच्या पहिल्या टप्प्यात ३० बसवली. ती सगळी एकत्र पेटवून जमिनीवर चाचणी कधी झालीच नाही! जानेवारी १९६६ मध्ये कोरोल्योव्ह गेला (त्याचं नाव जगाला कळलं तेही मेल्यावरच). एन-१ ची चारही उड्डाणं फसली. ३ जुलै १९६९ चं रॉकेट तर उडताच कोसळलं आणि लाँचपॅडच उद्ध्वस्त झाला.

तरी हट्ट सुटला नव्हता. आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन चंद्रावर असताना ल्युना १५ हे मानवरहित यान वर घिरट्या घालत होतं, माती घेऊन आधी परतायला. २१ जुलैला ते चंद्रावर आपटलं. माती आणणं जमलं ते १९७० मध्ये, ल्युना १६ ला.