मदत हवी आहे: बदलापूर ते केळवली रोजचा प्रवास जमेल का?

माझ्या धाकट्या बहिणीला केळवलीजवळच्या (कर्जत–खोपोली मार्गावरचं स्टेशन) एका कारखान्यात, लॅबमध्ये नोकरी लागली आहे. आम्ही बदलापूरला राहतो. कर्जतपर्यंतची चिंता नाही, खरा घोळ पुढे आहे. पळसदरीनंतर खोपोलीचा फाटा एकेरी रुळाचा आणि गाड्या मोजक्याच. एक चुकली की पुढची कधी, ते मोबाईलवर पाहायचं आणि बसून राहायचं.

परवा तिच्यासोबत जाऊन आले. कर्जतला गाडी नीट थांबायच्या आत अर्धा डबा जिन्याकडे पळत सुटला. आम्हीही पळालो, का ते न कळता! खोपोली लोकल मिळाली. केळवलीला आमच्यासोबत जेमतेम पाच-सहा जण उतरले आणि गाडी गेल्यावर फलाटावर चिटपाखरू नाही.

रोज जाणाऱ्यांना विचारायचंय:
मुंबईकडून येणारी लोकल उशिरा असेल तर कर्जतची खोपोली लोकल तिच्यासाठी थांबते का? वेळापत्रकात दोन्हींमध्ये फार कमी अंतर दिसतं.
दुसरी पाळी रात्री अकराला सुटते. त्या वेळी कर्जतकडे यायला गाडी किंवा निदान टमटम मिळते का? बाईमाणसाने एकटीने बसावं अशी?
पास कुठून कुठपर्यंत काढायचा?

कृपया 'खोली घेऊन राहा' सुचवू नका, आई आजारी असते.

उत्तर १: ताई, पास बदलापूर–केळवली एकच काढा. थेट खोपोली लोकल असो की कर्जतला बदल, तोच चालतो. गाडी थांबेल या भरवशावर मात्र राहू नका, आधीची लोकल धरा. आणि रविवारी ड्यूटी असेल तर मेगाब्लॉक बघूनच निघायचं.

उत्तर २: गंमत म्हणजे हा फाटा १८५६ पासूनचा, तेव्हा हीच घाटाकडची मुख्य वाट होती. १८६३ ला बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि खोपोली बाजूला पडली. असो. रात्री अकरासाठी रेल्वे धरूच नका. कारखान्याची बस कर्जत स्टेशनला सोडते का, हे रुजू होण्याआधी लेखी विचारून घ्या. नसेल तर फक्त पहिली किंवा जनरल पाळी मागा.

धागाकर्ती: दोघांचे आभार. बसचं उद्याच एचआरला विचारायला सांगते. पहिली पाळी सातची आहे, पण त्यासाठी पहाटेची कोणती लोकल धरावी? कुणी त्या वेळेला जात असेल तर सांगा.