प्रेशर पंप सारखा चालू-बंद होतोय, टाकी बदलू का?

कौलारू_घर:
मंडळी जरा मदत हवीये. राजापूरकडे आमचं गावचं घर, कौलारू, त्यामुळे वर पाण्याची टाकी ठेवायला स्लॅबच नाही, म्हणून 6 वर्षांपूर्वी विहिरीवर प्रेशर पंप बसवला. अर्धा एचपीचा, सोबत ती 24 लिटरची लाल आडवी टाकी. गणपतीपासून असं झालंय की नळ सोडला की पंप टक चालू, टक बंद, 3-4 सेकंदाला एकदा. आई भांडी घासायला बसली की नुसती टकटक. प्लंबर म्हणतो सगळा सेटच बदला, 14 हजार. खरंच सगळा बदलायला लागतो का हो?

नट_बोल्ट:
थांबा, 14 हजार लगेच देऊ नका. त्या टाकीत रबराचा फुगा असतो, फुग्यात पाणी आणि बाहेर पत्र्याच्या आत हवा. हवा दाबली जाते म्हणून पंप बंद असला तरी थोडा वेळ पाणी जोरात येतं. हवा गेली की टाकीत दाबायला काही उरत नाही, मग नळ सोडताच प्रेशर धाडकन पडतं आणि पंप लागतो. टाकीच्या मागे प्लॅस्टिकचं टोपण असेल ते काढा, आत स्कूटरच्या ट्यूबला असतो तसा वॉल्व्ह आहे, पिन दाबून बघा. हवा आली किंवा काहीच नाही आलं तर बहुतेक नुसती हवा भरून भागेल. पाणी आलं तर फुगा फाटला. आणि तोवर पंप असा वापरू नका, सारखं स्टार्ट होऊन मोटरचं वाइंडिंग जळतं, मग खरंच 14 हजार जातील.

सायकलपंप:
हवा भरायची तर आधी एमसीबी पाडा, नळ सोडून टाकी पूर्ण रिकामी करा, मगच गेज लावा. मी पहिल्यांदा पाणी असतानाच मोजलं, गेज 30 दाखवतोय म्हणून खूश होऊन घरी बसलो 😄 ते पाण्याचं प्रेशर होतं. पंप 20 पीएसआयला (पीएसआय म्हणजे प्रेशरचं माप) चालू आणि 40 ला बंद होत असेल तर हवा 18, म्हणजे चालू होण्याच्या आकड्यापेक्षा 2 कमी. एवढं जमलं की 24 लिटरच्या टाकीतून पंप न लागता साधारण 8 लिटर पाणी मिळतं. अख्खे 24 कधीच मिळत नाहीत, दुकानदार काही सांगू दे.

पेनसिल्व्हेनियाकर:
आमच्याकडे इथे गावाबाहेर घरोघरी बोअरच, तळघरात 44 गॅलनची उभी टाकी. हिशोब तोच, 2 पीएसआय कमी. पण आमच्या टाकीतलं रबर बदलता येत नाही, फाटलं की अख्खी टाकी फेकायची आणि ती पाण्याने भरलेली असली तर दोघांनाही उचलत नाही. तुमची ती छोटी लाल टाकी त्या बाबतीत बरीये.

कौलारू_घर:
पिन दाबली, पिचकारीसारखं तांबूस पाणी तोंडावर! फुगाच गेलेला. तोंडाच्या प्लेटचे 6 नट गंजून बसलेले, रात्रभर डिझेल टाकून ठेवलं तेव्हा सुटले. जुना फुगा पिशवीत घालून दुकानात नेला, तोंडाचं माप जुळवून नवा आणला, 650 रुपये. टकटक थांबली. पण आता नवीनच, रात्री सगळे नळ बंद असताना अर्ध्या तासाने पंप एकदा लागतोच. फुटव्हॉल्व्ह का, विहिरीतल्या पाइपच्या टोकाला पाणी परत उतरू न देणारा असतो तो?

नट_बोल्ट:
असेल किंवा नसेलही. टाकीनंतरचा घराकडे जाणारा वॉल्व्ह बंद करा आणि गेजकडे बघत बसा. तरी काटा खाली आला तर फुटव्हॉल्व्ह, पाणी परत विहिरीत उतरतंय. काटा हलला नाही तर घरातच कुठेतरी गळतंय. आणि आधी संडासाच्या फ्लशटाकीत कपड्यांची नीळ टाका, फ्लश न करता तासाभराने भांड्यात निळं दिसलं की चोर सापडला.

कौलारू_घर:
काटा ढिम्म. आणि भांडं निळं. आई विचारतेय संडासाला नीळ कोणी घातली.