मध्यस्थीला जाताना स्क्रीनशॉट नकोत, वेळापत्रक न्या

नवरा-बायको वेगळे राहतात आणि पहिलीत शिकणाऱ्या मुलीला भेटता यावं म्हणून मध्यस्थीची तारीख लागलीय, तर तिथे काय न्यावं, असा एका पालकाचा प्रश्न आहे. व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट काढून न्या, असं काहींनी सुचवलंय. मला ते अजिबात पटत नाही. मध्यस्थ निकाल देत नाही, दोघांत तडजोड व्हायला मदत करतो. कोण वाईट हे तिथे ठरत नसतं. पुरावे वकिलांकडे राहू द्या.

त्याऐवजी मुलीचा आठवडा कागदावर मांडा: शाळा, क्लास, झोपायची वेळ. मग ‘एक आड एक शनिवारी सकाळी १० ते रविवारी संध्याकाळी ६’ इतकं नेमकं मागा. नुसतं ‘भेटू द्या’ म्हटलं की गाडी पुढे सरकतच नाही. गणपती, दिवाळी, मे महिन्याची सुट्टी, वाढदिवस, व्हिडिओ कॉलची वेळ, सगळं लिहा. आणायला-सोडायला कोण येणार आणि कुठे, हे तर आधी लिहा. खरी भांडणं तिथेच, दारात, पोरीसमोर होतात. ती तापाने फणफणली तर बदली दिवस कोणता, तेही.

पोटगीचा विषय भेटीत मिसळू नका. मुलीला ‘तुला कोणाकडे राहायचंय?’ असं कृपा करून विचारू नका. आणि कितीही घाई केली तरी तडजोडीचा मसुदा वकिलांना दाखवल्याशिवाय सही करू नका.