नाक वर करून पळतंय? वारा बघा

कुत्र्याला माग काढायला, म्हणजे माणसाच्या पावलांचा वास जमिनीवर हुंगत जायला शिकवताना एकाला अडचण आली: कुत्रं माग सोडून नाक वर करतं आणि मागावर ठेवलेल्या खाऊकडे थेट पळतं. ते हुशारच आहे हो! वाऱ्यावर आयता वास येत असेल तर जमीन हुंगत कोण बसेल? म्हणून सुरुवातीला वारा पाठीमागून येईल अशा दिशेने माग पाडा. पहाटेच्या दंवात, आखूड गवतावर वीसेक पावलं सरळ चाला आणि प्रत्येक ठशात उकडलेल्या चिकनचा बारीक तुकडा टाका. सरळ माग पक्का झाला की तुकडे विरळ करायचे, वळण त्यानंतर. लांब दोरी गळपट्ट्याला नको, हार्नेसला लावा. वळणावर ते गोंधळलं तर बोट दाखवू नका, गप्प उभे राहा. हे कुत्र्यापेक्षा मालकालाच जड जातं!

अमेरिकन केनेल क्लबच्या टीडी (ट्रॅकिंग डॉग, म्हणजे माग काढणारं कुत्रं) परीक्षेत माग ४४० ते ५०० यार्डांचा, ३ ते ५ वळणांचा आणि अर्धा ते दोन तास जुना असतो. शेवटी हातमोजा किंवा पाकीट शोधायचं. त्यामुळे खाऊवरून वस्तूवर यायला पुरेसा वेळ द्या.

आणि गवतातून आल्यावर कान, बोटांच्या बेचक्या तपासा. गोचिडी तिथेच लपतात.