कन्सोल कंपनीने स्वतःचं यंत्र बनवत राहावं का? आपापले अनुभव लिहा

धागा सुरू करताना (मूळ सोलापूर, आता ठाणे)

मायक्रोसॉफ्ट एक्सबॉक्स हे कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचं यंत्र, बनवते. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिने आपला 'हेलो' हा खेळ सोनीच्या प्लेस्टेशन या कन्सोलवरही येणार असं जाहीर केलं. माझा पुतण्या म्हणाला, "काका, मग एक्सबॉक्स घ्यायचा कशाला?" मला चटकन उत्तर सुचलं नाही. २००१ साली पहिला एक्सबॉक्स घराघरांत शिरला तो याच खेळाच्या जोरावर. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी आपले चार खेळ इतरांच्या यंत्रांवर द्यायचं ठरवलं, एप्रिल २०२५ मध्ये त्यांचा 'फोर्झा होरायझन ५' पीएस५ (प्लेस्टेशन ५) वर आला, आणि त्याच ऑक्टोबरात एक्सबॉक्सचं नाव लावून आलेलं हातात धरून खेळायचं यंत्र आसुस या दुसऱ्या कंपनीने बनवलेलं आहे.

याच वाटेने सेगा ही जपानी कंपनी २००१ मध्ये गेली, यंत्र बनवणं सोडून नुसते खेळ करायला लागली, आणि परत आली नाही. उलट निन्टेंडोचं 'वी यू' हे यंत्र जेमतेम १ कोटी ३५ लाख विकलं गेलं, तेव्हा जो तो सांगत होता की यंत्रं बंद करा आणि मारिओ फोनवर द्या. त्यांनी ऐकलं नाही. मार्च २०१७ मध्ये स्विच हा नवा कन्सोल काढला आणि तो १५ कोटींच्या वर गेला.

माझं मत आधीच सांगून टाकतो: बनवत राहावं. आमच्या चाळीत नव्वदच्या दशकात एकाच घरी 'टीव्ही गेम' होता. पिवळी कॅसेट, दोन रिमोट, आणि खेळायला आठ मुलं. तो निन्टेंडोच्या १९८३ च्या फॅमिकॉमची नक्कल होता हे मला फार पुढे कळलं. नक्कल करणाऱ्याने डबा बदलला, रंग बदलला, पण डाव्या अंगठ्याखालचं अधिकच्या चिन्हासारखं बटण जसंच्या तसं ठेवलं. ते बटण निन्टेंडोच्या गुनपेई योकोई यांनी १९८२ मध्ये हातात मावणाऱ्या एका खेळासाठी काढलं होतं. खेळ आणि यंत्र एकाच छताखाली बनत होते म्हणूनच त्यांना ते सुचलं, असं मला मनापासून वाटतं.

आता तुम्ही लिहा. नाव नको, गाव आणि काम पुरे. नुसतं मत नको, हातून गेलेलं काहीतरी सांगा.

एडिसन, न्यू जर्सी. डेटाबेसचं काम

मी १९९९ मध्ये वायटूकेच्या, म्हणजे २००० साल लागताना संगणकांतल्या तारखा चुकू नयेत म्हणून चाललेल्या, कामासाठी इथे आलो. एका फ्लॅटमध्ये आम्ही चौघं, त्यातले तिघं मराठी. ९ सप्टेंबर १९९९ ला इथे सेगाचा ड्रीमकास्ट हा कन्सोल निघाला, किंमत १९९ डॉलर. चौघांनी पन्नास-पन्नास काढले.

मला सांगायचंय ते त्याच्या रिमोटबद्दल. रिमोटच्या खाचेत एक छोटं मेमरी कार्ड बसायचं आणि त्याला स्वतःचा पडदा होता, काडेपेटीपेक्षाही लहान. अमेरिकन फुटबॉलच्या खेळात पुढची चाल त्या पडद्यावर निवडता यायची. एरवी एकाच टीव्हीसमोर बसलं की समोरच्याला आपली चाल दिसतेच. इथे नाही. आमचा एक साताऱ्याचा रूममेट रिमोट पोटाशी धरून, वर उशी घेऊन चाल निवडायचा. फुटबॉलचे नियम आम्हाला कुणालाच धड येत नव्हते, पण ती लपवालपवी पत्त्यांच्या डावासारखी होती आणि ती लगेच कळली.

सेगाने ३१ जानेवारी २००१ ला सांगितलं की मार्चअखेर उत्पादन बंद. लगेच किंमत ९९ डॉलरवर आली. जगभरात ९० लाखांच्या आसपास गेले आणि संपलं. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला सेगाच्या खेळांतला नायक सॉनिक निन्टेंडोच्या यंत्रावर धावताना पाहिला. खेळ चांगलाच होता. पण रिमोटमध्ये पडदा नव्हता, कारण तो रिमोट दुसऱ्याचा होता. दुसऱ्याच्या घरात राहायचं तर भिंत पाडायला मिळत नाही.

एक गोष्ट मात्र सेगाच्या बाजूने सांगितलीच पाहिजे. त्यांचे अध्यक्ष इसाओ ओकावा यांनी त्या वेळी स्वतःचे जवळपास ७० कोटी डॉलरचे शेअर कंपनीला देऊन टाकले आणि मार्च २००१ मध्ये ते वारले. कंपनी जगली ती त्यामुळे. यंत्र सोडलं नसतं तर खेळही उरले नसते, हे मी मान्य करतो. तरी तो दिवस मला लागला.

कोल्हापूर. पूर्वी गेम पार्लर, आता मोबाईलचं दुकान

माझं पार्लर २००५ ते २०१२. चार टीव्ही, चार पीएस२, तासाला वीस रुपये. शनिवारी रांग लागायची. एक मशीन कमीत कमी दहा तास चालायचं.

मला एवढंच ठाऊक आहे की पीएस२ २००० साली निघाला आणि २०१२ संपेपर्यंत कंपनी तो बनवत होती. तेवढी वर्षं तेच मशीन, तोच रिमोट, तीच डीव्हीडी. एक मशीन बंद पडलं तर दुसऱ्यातला भाग काढून यात बसायचा. शेजारी सायबर कॅफेवाल्याला दर दोन वर्षांनी ग्राफिक कार्ड बदलावं लागायचं, कारण नवा गेम जुन्या पीसीवर उघडायचाच नाही. माझ्याकडे नवा गेम आला की जुन्याच मशीनवर पहिल्यापेक्षा देखणा दिसायचा. पोरं म्हणायची, "दादा, मशीन बदललं काय?" मी म्हणायचो, मशीन तेच आहे, बनवणाऱ्यांचा हात बसलाय.

मशीन बनवणाराच उठून गेला असता तर मी चार टीव्हीच्या कर्जाचं काय केलं असतं?

पुणे. गेम प्रोग्रॅमर, बारा वर्षं

कोल्हापूरच्या दादांनी 'हात बसलाय' लिहिलंय ते अगदी खरं आहे. आमच्या धंद्यात तोच मोठा फरक. कन्सोलला मेमरी किती, हे मला शेवटच्या मेगाबाइटपर्यंत माहीत असतं. पीसीवर खेळणाऱ्याकडे काय आहे ते देवाला ठाऊक. माझं काम बरीच वर्षं पोर्टिंगचं, म्हणजे एका यंत्रासाठी बनलेला खेळ दुसऱ्यावर आणायचा. एकदा एका खेळात बाजारातली गर्दी होती. मूळ यंत्रावर चाळीस माणसं हिंडायची. दुसऱ्या यंत्राला मेमरी कमी, तिथे सव्वीस झाली की खेळ बंद पडायचा. तीन आठवडे मी माणसं कमी करत होतो. आधी भाजीवाल्या काढल्या, मग मुलं, मग कुत्री. शेवटी बाजार उरला, पण त्यात बाजारासारखं काही नव्हतं. तो खेळ बनवणाऱ्यांना हे दिसलं असतं तर वाईट वाटलं असतं.

पण 'स्वतःचं यंत्र' म्हणजे काय, हे नीट पाहिलं पाहिजे. २०१३ पासून प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स दोघांतही एएमडीचीच चिप आहे. स्विचमध्ये एनव्हिडियाची. म्हणजे चिप कुणीच पूर्ण स्वतःची बनवत नाही. स्वतःचा असतो तो निर्णय. पीएस५ च्या वेळी सोनीने खेळ बनवणाऱ्यांना जाऊन विचारलं, काय हवं? वेगवान डिस्क हवी, असं उत्तर आलं. मग सेकंदाला साडेपाच गिगाबाइट वाचणारी डिस्क आत घातली आणि सगळं यंत्र तिच्याभोवती उभं केलं. त्याआधी खेळांत लांबलचक बोळ आणि हळूहळू चढणाऱ्या लिफ्टा का असायच्या? मागे पुढचा भाग वाचून व्हायला वेळ हवा असायचा म्हणून. कितीतरी बोळ मी स्वतः बांधलेत. आता ते बांधावे लागत नाहीत.

खर्चाची बाजूही बघा. पीएस३ २००६ मध्ये ५९९ डॉलरला निघाला तरी प्रत्येक नगामागे तोटा होता. एक्सबॉक्स ३६० बिघडून त्याचे लाल दिवे लागायला लागले तेव्हा वॉरंटी वाढवण्यासाठी मायक्रोसॉफ्टला १०० कोटी डॉलरहून जास्त बाजूला काढावे लागले. यंत्रावर तोटा सोसायचा आणि विकल्या जाणाऱ्या प्रत्येक खेळावर हिस्सा घ्यायचा, असा हा व्यवहार आहे. खेळ सगळीकडे दिले की हिस्सा द्यायची पाळी आपल्यावर येते. म्हणून मला वाटतं, ज्याला सोसवेल त्याने जरूर बनवावं. ज्याला नाही सोसवत त्याने सोडलं तर त्याला भित्रा म्हणू नये.

नागपूर. बँकेत

माझा अनुभव वेगळा आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये एक्सबॉक्स सिरीज एस ३४,९९० ला होता आणि पुढे पीएस५ ४९,९९० ला आला. मुलाला एक हवा होता, मित्रांकडे दुसरा. एकाच वर्गातली मुलं, आणि कुठल्या घरात कुठला डबा आहे यावर दोस्ती ठरायला लागली. आम्ही पगारदार माणसं दोन डबे घेऊ शकत नाही. ज्या दिवशी तिकडचा खेळ इकडे आला, त्या दिवशी माझ्या मुलाचा जुना मित्र पुन्हा त्याच्याबरोबर खेळायला लागला. तेव्हा कंपनीने आपले खेळ खुले केले तर मी तिला धन्यवादच देईन. यंत्र बनवायचं तर बनवा, पण खेळ कोंडू नका.

निशी-कासाई, तोक्यो. सॉफ्टवेअर

अकिहाबाराला गेलं की लाल इमारतीवर 'सेगा' लिहिलेलं दिसायचं. बाबा पहिल्यांदा आले तेव्हा त्यांचा तिथे फोटो काढला होता. सेगाने गेम सेंटर विकली आणि २०२२ मध्ये पाट्या बदलून 'गिगो' झाल्या. आत यंत्रं होती, पोरं होती, आवाज होता. पण बाबा दुसऱ्यांदा आले तेव्हा कोपऱ्यावर उभे राहून विचारत होते, ती इमारत कुठे गेली. आम्ही तिच्यासमोरच उभे होतो.

नाशिक. फिजिओथेरपिस्ट

मी गेम खेळत नाही, पण एक यंत्र माझ्या कामाचं आहे. निन्टेंडोने २००७ अखेर आपल्या 'वी' या कन्सोलसाठी एक बॅलन्स बोर्ड काढला. दिसायला वजनकाट्यासारखा, आत चार कोपऱ्यांत चार सेन्सर. निन्टेंडोचे खेळ घडवणारे मियामोतो रोज घरी वजन करायचे, त्यावरून त्यांना ही कल्पना आली. त्यावर उभं राहिलं की पडद्यावर लाल ठिपका दिसतो. भार डावीकडे गेला की ठिपका डावीकडे.

पॅरालिसिसचा झटका आलेल्या माणसाला अधू पायावर भार टाकायची भीती वाटते. "टाका, टाका" म्हणून मी दिवसभर सांगते, आणि ते म्हणतात, "टाकलाय की." एक निफाडचे आजोबा होते, द्राक्षबागायतदार. त्यांना बोर्डवर उभं केलं, मी मागे कमरेचा पट्टा धरून. ठिपका पार उजव्या कडेला. ते बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले, म्हणाले, "म्हंजी डावा पाय माझा कामावर येतच न्हाई." मग ओठ घट्ट मिटून त्यांनी ठिपका तसू-तसूने मध्यावर आणला. अकरा सेकंद धरला. मी तीन आठवडे तोंडाने सांगत होते ते त्यांना डोळ्यांनी एका मिनिटात कळलं.

फक्त खेळ लिहिणाऱ्या कंपनीने हा बोर्ड काढला असता का? मला नाही वाटत. दुसऱ्याच्या यंत्रासाठी माणूस दुसऱ्याच्या रिमोटपुरताच विचार करतो. माझा बोर्ड मात्र लॉकडाऊनमध्ये सेल न काढता राहिला आणि आता सुरू होत नाही. नवा बनत नाही.

धागाकर्ता

नागपूरच्या ताईंचं म्हणणं माझ्या मताला धक्का देणारं आहे आणि मी ते मनापासून मानतो. खेळ कोंडणं आणि यंत्र बनवणं या दोन गोष्टी मी एकच समजत होतो. त्या वेगळ्या आहेत. पोरांची ताटातूट करणारी भिंत जावी. पण रिमोटमधला पडदा आणि पायाखालचा बोर्ड कुणीतरी बनवतच राहायला हवा, आणि ते ज्याच्या हातात खेळही आहेत त्यानेच करायला हवं.

पुतण्याला मी आज हा धागा वाचायला दिला. त्याने न्यू जर्सीच्या काकांचा उशीचा किस्सा दोनदा वाचला आणि विचारलं, "आता असा रिमोट कुठे मिळतो?"

पुणे, तपकीर गल्लीजवळ. दुरुस्ती

वीस वर्षं हेच काम. पूर्वी लेन्स गेलेली यायची, आता रिमोटची स्टिक आपोआप सरकते म्हणून येतात. यंत्र कुणाचंही असो, ज्याचे स्क्रू उघडतात ते मला आवडतं.

नाशिकच्या मॅडम, त्या बोर्डला चार पेन्सिल सेल लागतात. सेल फुटून पाणी सुटलं असेल तर आतली पत्र्याची पट्टी गंजली असणार, सेन्सरला काही होत नाही. पट्टी मी बनवून बसवतो. बोर्ड एसटी पार्सलने पाठवा, आणि सेल टाकून पाठवू नका. तुमच्या पेशंटसाठी आहे, पैसे नकोत.

नाशिक. फिजिओथेरपिस्ट

उद्या सकाळच्या गाडीने पाठवते. सेल काढलेत.