६७ची मस्टँग: शॉक टॉवर कापू की नको?

आठमैली
ऑगस्टचा तिसरा शनिवार जवळ आला की आम्हा डेट्रॉइटकडच्या मंडळींना वूडवर्ड अव्हेन्यूचे वेध लागतात. १९९५पासून जुन्या गाड्यांची तिथे जत्रा भरते. गेल्या वर्षी फर्नडेलला रस्त्याकडेला खुर्ची टाकून बसलो होतो, तर समोर एक १९६७ची मस्टँग येऊन उभी राहिली. बाहेरून बघाल तर काल कारखान्यातून निघाल्यासारखी. बोनेट उघडलं तर आत अलीकडच्या मस्टँग जीटीचं पाच लिटरचं कोयोटी इंजिन. सहा गिअर, चारी चाकांना डिस्क ब्रेक. मालक ओहायोहून चालवत घेऊन आला होता. शेजारच्या ‘ओरिजिनल’वाल्याची ट्रेलरवरून उतरली.

माझ्याकडेही ६७चीच आहे, हार्डटॉप, म्हणजे पक्क्या छताची. २८९ घनइंचाचं, टू-बॅरल कार्बोरेटरचं इंजिन, तीन गिअरची ऑटोमॅटिक, कागदावर २०० हॉर्सपॉवर. चारी ड्रम ब्रेक. पावसात ब्रेक दाबला की गाडी आधी डावीकडे काय आहे ते बघून येते, मग थांबते. पट्टा फक्त कमरेला. लेकीला बसवून फ्रीवेवर जायची छाती होत नाही, म्हणून वर्षातून जेमतेम दोनशे मैल चालते. तेव्हा कोयोटी घालायचं मनात आहे. मित्र म्हणतात पाप लागेल. फोर्डने त्या एका वर्षात ४,७२,०००च्या वर मस्टँग काढल्या, त्यात साडेतीन लाखांवर हार्डटॉप. माझी एक बदलली तर कुणाचं काय जातं?

मूळ_मुद्दल
पाप नाही, पण आजीची पैठणी कापून ड्रेस शिवण्यातला प्रकार आहे. ड्रेस झकास होतो, चारचौघी विचारतात कुठून घेतला. पैठणी मात्र गेली ती गेलीच.

साडेतीन लाखांचा हिशोब मला कळलाच नाही. त्यातल्या आज उरल्यात किती? गंजल्या, ठोकल्या, भंगारात गेल्या. आणि उरलेल्यांना तुमच्यासारखे हौशी भेटले.

तेलकट_हात
मी हीच कामं करतो, म्हणून दोन गोष्टी सांगतो. २०० हा आकडा ‘ग्रॉस’ आहे, म्हणजे इंजिन स्टँडवर ठेवून, सायलेन्सर, एअर फिल्टर वगैरे ओझं काढून मोजलेला. १९७२पासून अमेरिकेत ‘नेट’, म्हणजे ते सगळं ओझं जोडून मोजलेले आकडे छापायला लागले. कोयोटीचे ४६० नेट. म्हणजे फरक दुपटीहूनही जास्त आहे.

दुसरं म्हणजे, कोयोटीला चार कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे), त्यामुळे वरचा भाग भलताच रुंद. ६७च्या बोनेटखाली दोन्ही बाजूंना शॉक टॉवर, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनला धरणारे पत्र्याचे बुरूज, उभे असतात, त्यांच्यामध्ये ते मावत नाही. टॉवर कापायचे, मग पुढचं अख्खं सस्पेन्शन नव्या पद्धतीचं बसवायचं, स्टिअरिंगला रॅक-पिनियन, ताकद झेपायला मागचा अ‍ॅक्सल. म्हणजे एक इंजिन बदललं असं होत नाही. एक भिंत काढली की सगळं घर काढावं लागतं.

मूळ_मुद्दल
हेच तर म्हणतोय. इंजिन उद्या परत बसवता येईल. कापलेला टॉवर कसा जोडणार?

पेठेतला
आमच्या पुण्यात याला पुनर्विकास म्हणतात. वाड्याचा कोरीव दरवाजा ठेवायचा आणि आत टू बीएचके.

आपल्याकडे केंद्राने जुलै २०२१मध्ये नियम केला: ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, मोठे फेरफार न केलेली गाडी असेल तरच ‘व्हिंटेज’. तिला नंबरप्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं मिळतात. इंजिन आणि सांगाडा बदललेल्याला हा मान नाही, आणि मला ते पटतं.

आठमैली
@पेठेतला, त्याच नियमात पुढे काय आहे तेही सांगा की. ती गाडी रोज चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, पेट्रोल भरणं, बस्स. म्हणजे देव्हाऱ्यातला देव. मला गाडी हवी आहे हो!

मीठभाकर
सगळे इंजिनावर भांडताहेत. बाई म्हणून नाही, आई म्हणून विचारते: ४६० घोड्यांनी लेक सुरक्षित कशी होणार? त्या मस्टँगची पेट्रोलची टाकी म्हणजेच डिकीची जमीन, टाकीचा वरचा पत्रा आणि मागच्या सीटमध्ये धड पोलादी पडदाही नाही. आधी तो घाला. खांद्यावरचे पट्टे घाला, १९६८पासून पुढच्या सीटला ते सक्तीचे झालेच होते. ब्रेक बदला. ही कामं कोयोटीच्या किमतीच्या एका कोपऱ्यात होतात. तुम्हाला कोयोटी आवडलंय, तेवढं कबूल करा. लेकीला मध्ये आणू नका.

आठमैली
लागलं. पण खरं आहे.

मूळ_मुद्दल
@मीठभाकर यांना साष्टांग. ब्रेकला माझाही विरोध नाही. ६७ला फोर्डच पुढचे डिस्क जादा पैसे घेऊन बसवून देत होती, आणि ६७पासूनच मास्टर सिलिंडरला (ब्रेकच्या तेलाला दाब देणाऱ्या पंपाला) दोन कप्पे आले. ६६पर्यंत एकच होता, एक नळी फुटली की चारी ब्रेक रामराम.

आणि मूळपणाला किंमत नाही म्हणणाऱ्यांसाठी: ‘बुलिट’ चित्रपटात पळवलेली १९६८ची मस्टँग जानेवारी २०२०मध्ये फ्लोरिडातल्या लिलावात ३४ लाख डॉलरच्या बोलीला गेली. खरवडलेल्या, गंजलेल्या अंगाने. कुणी नवा रंगही मारला नव्हता.

तेलकट_हात
उदाहरण उलटं पडलं मालक. ती गाडी शूटिंगसाठी मुळातच बदलून घेतली होती, सस्पेन्शन बळकट केलं, इंजिनालाही हात लावला. म्हणजे तुमची सर्वांत ‘मूळ’ मस्टँग हीच एक सुधारून वाढवलेली. ५० वर्षं गेली की फेरफारही मूळ होतात.

@आठमैली, दारावरच्या पट्टीवर काय कोरलंय?

आठमैली
७एफ०१सी, पुढे अनुक्रमांक.

मूळ_मुद्दल
सात म्हणजे ६७ साल. एफ म्हणजे डिअरबॉर्न, तुमच्या घरापासून तासाभराच्या आत. शून्य-एक हार्डटॉप. आणि सी म्हणजे २८९ टू-बॅरल. कोयोटी घातल्यावर तो ‘सी’ रोज दार उघडताना तुमच्याकडे बघणार.

तेलकट_हात
बघू दे. ६७ला साध्या २८९च्या ब्लॉकवर गाडीचा नंबर ठोकतच नसत, ते ६८पासून. आत्ता आहे तेच इंजिन डिअरबॉर्नहून आलं होतं याचा पुरावा तरी कुठे आहे?

एक करा. टॉवरला हात न लावता २८९लाच अ‍ॅल्युमिनियमची सिलिंडर हेड, फ्युएल इंजेक्शन, पाच गिअरचा मॅन्युअल बॉक्स. जुनं सगळं खोक्यात भरून माळ्यावर. पण त्याही आधी वायपरखालच्या जाळीत बादलीभर पाणी ओता, आणि आत पाय ठेवायच्या जागी बसून बघा. मिशिगनची, हिवाळ्यात मीठ टाकलेल्या रस्त्यांवरची गाडी आहे म्हणून सांगतोय.

आठमैली
काल संध्याकाळी ओतलं. बायको बाहेरून ओतत होती, मी आत टॉर्च घेऊन. दहा सेकंद काही नाही. मग उजव्या पायावर धार, मागोमाग डाव्यावर. दोन्ही मोजे ओले, गालिचा उचलला तर खालचा पत्रा बोटाने दबतो.

आज एका गॅरेजवाल्याला दाखवलं. तो म्हणाला, काउलचा, म्हणजे काचेखालच्या पत्र्याचा, तो भाग वेल्डचे ठिपके एकेक ड्रिल करून सोडवावा लागेल, त्यासाठी पुढची काच, फेंडर, बोनेट सगळं उतरवायचं. आकडा ऐकल्यावर कोयोटीचा विषय आमच्या घरात आपोआप संपला. ब्रेक, पट्टे आणि तो पडदा मात्र त्याच बिलात करून घेतोय.

मूळ_मुद्दल
म्हणजे आम्ही जिंकलो?

आठमैली
जिंकला तो गंज.

पेठेतला
२८९ काढायचं ठरलंच कधी तर आधी मला कळवा. माझ्या मेव्हण्याला बैठकीच्या खोलीत टेबलाखाली ठेवायला हवंय.