मदत हवी आहे : समस्याप्रधान नाटक आणि निसर्गवाद यांतील सीमारेषा

नमस्कार. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय रंगभूमीवर मी टिपण लिहीत असून एका मुद्द्यावर जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे : समाजातील एखादा प्रश्न चर्चेला आणणारे समस्याप्रधान नाटक आणि माणूस आनुवंशिकता व परिस्थिती यांनीच घडतो असे मानणारा निसर्गवाद यांना वेगळे कोठे करावे? नॉर्वेजियन नाटककार इब्सेनच्या 'डॉल्स हाउस'मध्ये (१८७९) नायिका नोरा नवऱ्याचे घर सोडून निघून जाते आणि खालून दार बंद झाल्याचा आवाज येतो, तेव्हा प्रश्न विवाहसंस्थेचा असतो. स्वीडिश नाटककार स्ट्रिंडबर्गच्या 'मिस ज्युली'त (१८८८) मात्र आनुवंशिकता, संगोपन आणि परिस्थिती यांचा दाब इतका आहे की सुधारणेला जागाच उरत नाही. पडद्यावर रंगवलेली स्वयंपाकघरातील भांडी आता पुरेत, हा त्याच्या प्रस्तावनेतील आग्रह मला फार मोलाचा वाटतो. मग इब्सेनचेच 'घोस्ट्स' (१८८१) कोठे ठेवावे? वडिलांचा रोग मुलात उतरतो हे निसर्गवादाचा पुरस्कर्ता फ्रेंच लेखक झोला याच्या विचाराशी जुळते, आणि १८९० मध्ये पॅरिसला दिग्दर्शक आंत्वानने आपल्या थिएत्र लीब्र या नाट्यसंस्थेत ते करून त्यातील मुलगा ऑस्वाल्ड स्वतः रंगवला. पण त्याची आई मिसेस आल्विंग हिचा खरा झगडा रूढींशीच आहे. नॉर्वेचाच नाटककार ब्यर्नसन याच्या समस्याप्रधान नाटकावरून मराठीत 'आंधळ्यांची शाळा' (१९३३) आले. त्या सुमारास निसर्गवादी वळणाचे एखादे नाटक आपल्याकडे झाले होते का, हेही कोणी सांगितल्यास मी आभारी राहीन.